भागाबाईचं पाचवं चाक

अमावस्या आली की मंगरू कुमरे धास्तावायचा. भुताखेतांचं त्याला काही नव्हतं. सगळा जन्म बोरच्या जंगलाच्या कडेला, बेहडाटोलीत गेलेला. भुतं असती तर एव्हाना चांगली ओळखीची झाली असती. तो भ्यायचा बायकोला. त्या दिवशी भागाबाई सकाळीच अंगणात कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "काढा जॅक. चाकं बदलाची हायेत."

मग मंगरूनं आपला दुखरा गुडघा सांभाळत पिकअपशेजारी बसायचं, नट सैल करायचे आणि एक धडधाकट चाक काढून त्याच्या जागी दुसरं धडधाकट चाक चढवायचं. जगाच्या लेखी गाडीला चाकं चार. भागाबाईच्या लेखी पाच. त्यातल्या एकानं आळीपाळीनं विसावा घ्यायचा, बाकीच्यांनी धावायचं. रस्त्यानं जाणारे विचारत, "काय मंगरूभाऊ, पंक्चर झालं काय?" मंगरू म्हणे, "नाई रे बा, आराम देऊन राह्यलो त्याले." लोक हसत. मंगरूही हसे, पण मनातून चरफडत असे.

त्यांचं काम पाण्याचं. उन्हाळ्यात जंगलातले नाले आटतात, आणि मग जनावरांसाठी बांधलेल्या पाणवठ्यांत गाडीनं पाणी नेऊन टाकावं लागतं. पिकअपच्या डाल्यात, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, मोठी टाकी, बाजूला ड्रम, वर गुंडाळलेला पाइप. गाडी मंगरूनं चालवायची आणि पाइप भागाबाईनं धरायचा. पोरगा दुर्गेश सावंगीच्या दवाखान्यात नोकरीला लागल्यापासून दोघंच हे काम करत. भागाबाई बुटकी, काटक, बोलायला फटकळ. साधी सायकल तिला कधी आली नाही. पण पिकअपमध्ये बसली की अशी बसायची की पाहणाऱ्याला वाटावं, गाडी हिची आहे आणि हा बाजूचा माणूस ड्रायव्हर ठेवलेला आहे. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

पाण्याच्या बाबतीत तर तिचा कायदाच वेगळा. ज्याच्या नावानं पाणी भरलं, त्यालाच ते पाजायचं. वाटेत दुसऱ्याला द्यायचं नाही, सांडायचं नाही, खाली टेकवायचं नाही. हे तिनं माहेरून आणलेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती मंगरूसाठी शेतावर पाण्याची गुंडी, म्हणजे लहान घागर, घेऊन निघाली होती. वाटेत जीपमधून उतरलेले कोणी साहेब घामाघूम उभे होते, त्यांनी पाणी मागितलं. भागाबाई म्हणाली, "हे माह्या नवऱ्याच्या नावाचं हाय. तुमी सावलीत बसा, तुमच्या नावाचं आणतो." नवऱ्याला पाणी देऊन ती विहिरीवर परत गेली, दुसरी गुंडी भरली आणि साहेबांसमोर नेऊन ठेवली. साहेब तोवर खरंच बसून राहिले होते. ही गोष्ट मंगरू आजवर लोकांना हसत हसत सांगत आला. बायको जरा अर्धवट आहे, असा त्या सांगण्याचा एकूण सूर असे.

आता चाकांचं कसं झालं ते सांगितलं पाहिजे. वरच्या पाणवठ्याची वाट अस्वलनाल्यातून जाते. नाल्यात नुसते दगड. गाडीच्या मूळ टायरांवर मागच्या आसाचा लोखंडी गोळा दगडांना घासायचा. असा आवाज यायचा की मंगरूच्या दाढा शिवशिवायच्या. म्हणून त्यानं सेलूला भैयाजीच्या टायरच्या दुकानात जाऊन चांगले उंच, जाड, खोल नक्षीचे टायर घ्यायचं ठरवलं. टायर चढले तशी गाडी एकदम रुबाबदार दिसायला लागली. मंगरू तर तिच्याभोवती फेऱ्याच मारत बसला. वळताना टायर मडगार्डला घासत होते, ते मडगार्ड जरा कापावं लागलं. वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागला. पण हौसेपुढे हे काहीच नाही.

दुकानाबाहेर टायरांच्या चळतीवर बसलेल्या भागाबाईनं तेवढ्यात विचारलं, "अन् पाचवं?"

भैयाजी भला माणूस. तो म्हणाला, "वैनी, पाचवं कशाले? जुनी स्टेपनी हाय ना खाली टांगलेली. काम चालून जाते."

"थे तं लहान हाय."

"लहानच हाय. पण स्टेपनी म्हणजे घरी पोचापुरती असते."

"आमचं घर खाली हाय, भौ," भागाबाई म्हणाली. "आमाले पाणी घेऊन वर जा लागते."

भैयाजीनं पाना खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग तोही खरं बोलला. ओझ्याच्या गाडीत मागच्या आसाला एक चाक उंच आणि एक बुटकं लावलं, तर दगडावर चढताना मधला गोळा फुटायची भीती. लहान चाक लावायचंच तर पुढं लावावं, गाडी रिकामी करावी आणि हळूहळू घर गाठावं. सारखं चाक असेल तर प्रश्नच नाही. पण नवं पाचवं चाक तसंच पडून राहिलं तर बाकीची चार झिजतात, आणि पुन्हा तेच एक उंच नि एक बुटकं होऊन बसतं. पाचही आळीपाळीनं फिरवली तरच ती जोडीची राहतात. "पण असं कोणी करत नाई, वैनी," भैयाजी हसून म्हणाला.

त्यानं हे वाक्य बोलायला नको होतं, असं मंगरूचं आजही मत आहे.

पाचवं चाक आलं. भागाबाईनं ते चौघांशेजारी भिंतीला उभं केलं, वर आडवा बांबू ठेवला, वाकून पाहिलं, आणि मग त्याला हळद लावली. पुढंही ज्या चाकाची विसाव्याची पाळी येई, त्याला ती हळद लावायची. पुढं नवीच पंचाईत झाली. डाल्याखाली स्टेपनी साखळीनं टांगायची जी जागा असते, तिच्यात हे दांडगं चाक मावेना. जुन्या चाकाची साखळीही गंजून बसलेली, ती निघेना. शेवटी लहान चाक खाली तसंच लटकत राहिलं आणि मोठं चाक वर डाल्यात, टाकीच्या बाजूला दोन ड्रमांची जागा अडवून बसलं. मंगरूला ते रोज खटकायचं. पाण्याच्या गाडीत पाण्याची जागा खाऊन रबर बसलंय, हे त्याच्या काही पचनी पडत नव्हतं.

त्या वर्षी मे महिन्यात ऊन असं पडलं की पळसाची पानंही वाजायला लागली. त्यातच वरच्या पाणवठ्यावरचा सोलर पंप बंद पडला. वनरक्षक अंकुश मोटरसायकलवरून येऊन सांगून गेला, "मंगरूभाऊ, पंपाचा पार्ट येईपर्यंत वरचा पाणवठा तुमच्या भरवशावर हाय. तिकडं पिल्लंवाली वाघीण हाय. वर पाणी नसलं तं थे खाली येईन."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आलीच. भागाबाई टोलीजवळच्या झिऱ्यावर पाण्याला गेली तर ओल्या मातीत पंजे उमटलेले, मोठ्यांच्या बाजूनं लहान. तिनं मंगरूला हाक मारून नेलं. खाली बसून आपला तळहात एका पंज्यात ठेवला. हात त्यात बुडून गेला, वर जागा उरली. मंगरूनं मान वर करून टोलीकडे पाहिलं. झिऱ्याच्या पलीकडेच टोलीतली शेरडं बांधलेली होती, आणि त्याच्याही पलीकडे माणसं अंगणात उघड्यावर झोपत होती. कोणाच्या तरी घरचं काहीतरी जाणार, आणि मग चिडलेल्या लोकांच्या हातून ती वाघीणही जाणार. हे असं कुठं कुठं झालेलं दोघांनी ऐकलं होतं.

"आज भरपूर पाणी नेऊ," भागाबाई म्हणाली आणि गुंडी उचलून चालायला लागली. "आजचं पाणी तिच्या नावाचं."

भरपूर पाणी. मंगरूनं हा शब्द मनावर घेतला आणि तिथंच घोळ केला. भागाबाई भाकरी बांधत होती तेवढ्यात त्यानं पाचवं चाक डाल्यातून खाली उतरवलं, निंबाला टेकवून वर ताडपत्री टाकली आणि रिकाम्या जागेत दोन ड्रम चढवले. हेतू वाईट नव्हता. त्याला वाटलं, पिल्लांना तेवढंच दोन ड्रम जास्त.

गावातली सगळी माणसं तेंदूपत्त्याला गेली होती. ओझ्यानं दबलेली पिकअप सुनसान टोलीतून निघून नाल्यात उतरली. निम्मा नाला पार झाला आणि डाव्या अंगाला फाडकन् आवाज झाला. बांबूच्या छाटलेल्या खुंटानं मागच्या टायरची कड चिरली होती. गाडी एका बाजूला बसली. टाकीतलं पाणी डुचमळलं आणि शांत झालं.

भागाबाई उतरली. चिरलेला टायर तिनं पाहिला, मग डाल्यात पाहिलं. "पाचवं कुठं हाय?"

मंगरूनं ड्रमकडे बोट दाखवलं. "घरी राह्यलं, निंबाखाली."

ती आता फाडून खाईल असं त्याला वाटलं. पण ती फक्त वर पाहत राहिली, जिथं वाट वळून पाणवठ्याकडे जात होती. मंगरूनंच घाईघाईनं सांगायला सुरुवात केली. पुढचं मोठं चाक मागं लावतो, खालचं लहान पुढं लावतो. पण भरल्या गाडीनं वर चढता येणार नाही. पाणी इथंच सोडून द्यावं लागेल, मग हळूहळू घरी जाऊ, उद्या पुन्हा येऊ.

"इथं कुठं सोडता? रेतीत?"

"मंग काय करू?"

"हे पाणी तिच्या नावानं निघालं हाय," भागाबाई म्हणाली. "थे आज राती तहानली राह्यली तं कुठं जाईन? आपल्या झिऱ्यावर." तिनं पदर कमरेला खोचला. "तुमी हे फाटकं चाक काढून ठेवा. मी पाचवं घेऊन येतो."

"अवं, एकटी? जंगलातून? मी जातो."

"तुमच्या गुडघ्यानं तुमी कधी पोचान?"

आणि ती गेलीसुद्धा. मोबाइलला तिथं रेंज नाही, गावात मदतीला कोणी नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मंगरूनं तिच्या पाठीमागून दोनदा हाक मारली. तिनं फक्त हात वर केला.

मंगरूनं चाकांना दगड लावले, जॅक चढवला, फाटकं चाक काढलं. मग करायला काही उरलं नाही. जे चाक आपण दर अमावस्येला शिव्या घालत फिरवलं, त्यानं आज जागेवर असायला हवं होतं, आणि आपणच ते झाकून ठेवून आलो, हे त्याच्या मनात सारखं टोचत होतं. तो गाडीच्या सावलीत बसला. एका ड्रमचं झाकण सैल होतं, त्यातून थेंब थेंब पाणी खालच्या दगडावर पडत होतं.

ऊन कलायला लागलं तसं वरच्या झाडावर वानर खाकरलं. मग दुसरं. मग सगळं जंगल एकदम गप्प झालं. मंगरू गुडघ्याचं दुखणं विसरून केबिनच्या टपावर चढला.

ती वरून येत होती. घाई नाही, आवाज नाही. मागं दोन पिल्लं, बरगड्या दिसणारी. मंगरूनं या जंगलात जन्म काढला होता, पण वाघ असा इतका जवळून, इतका पूर्ण, कधी पाहिला नव्हता. तो भ्यायला हवा होता. भ्यालाही होता. पण त्या भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत भरून आलं आणि आपण हात जोडलेत हे त्याला उशिरा कळलं. वाघीण गाडीपासून जराशा अंतरावर थांबली. पाण्याचा वास तिला आला होता. गाडीला वळसा घालून ती खालच्या अंगाला वाटेवरच, सावलीत, पोट टेकून बसली. पिल्लं तिच्या अंगाला चिकटली.

आणि खालच्या वळणावरून घरंगळत्या गोट्यांचा आवाज आला.

आधी चाक दिसलं. काळं, दांडगं, कडेला हळदीचा पिवळा पट्टा. त्याच्या मागं कमरेत वाकलेली भागाबाई. एक हात टायरवर, दुसऱ्या हातात आधाराला काठी. चढावर ती चाकाला पोटानं रेटत होती, दोन पावलं चढवत होती, काठीनं अडवून श्वास घेत होती, पुन्हा रेटत होती. तिचं लक्ष सगळं चाकाकडं होतं. मंगरूनं ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडलं तर वाघीण बिथरेल म्हणून ते पुन्हा मिटलं.

भागाबाईनं मान वर केली तेव्हा वाघीण उभी राहिली होती. मध्ये एक मोठी उडी, बस.

भागाबाई पळाली नाही. तिनं चाक मांडीला टेकवून धरलं आणि ताठ उभी राहिली. ताठ म्हणजे तरी केवढी, चाकाच्या वर ती अर्धीच दिसत होती. मग ती गोंडीत बोलायला लागली. आवाज चढवला नाही. शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तसं बोलत राहिली. मंगरूला सगळं ऐकू येत नव्हतं. एक शब्द तेवढा पुन्हा पुन्हा कानावर येत होता, येर. येर म्हणजे पाणी.

वाघिणीनं कान मागं घेतले. एक पिल्लू चाकाकडे पाहत दोन पावलं पुढं आलं. तिच्या गळ्यातून घरघर निघाली, ती मंगरूला पायाखालच्या पत्र्यातून जाणवली. पिल्लू मागं फिरलं. वाघीण भागाबाईकडे पाहत राहिली, आणि भागाबाई तिच्या पायांकडे पाहत बोलत राहिली. मग त्या एवढ्या मोठ्या जनावरानं मान वळवली, नाल्याच्या काठावर एकच झेप घेतली आणि पिल्लांना घेऊन वरच्या अंगाला, पाणवठ्याच्या दिशेनं निघून गेली.

भागाबाईनं पुन्हा चाकाला पोट लावलं. गाडीजवळ आली. चेहरा लालबुंद, तळहात सोललेले, बांगड्या धुळीनं भरलेल्या. टपावर हात जोडून बसलेल्या नवऱ्याकडे तिनं वर पाहिलं.

"उतरा खाली," ती म्हणाली. "पाना कुठं हाय?"

मंगरू उतरला. नट तिनंच एकेक करून हातात दिले. चाक आपल्या जागी असं बसलं जणू कधी निघालंच नव्हतं. जॅक उतरवला तशी गाडी सरळ झाली, चारही बाजूंनी सारखी. मंगरूनं चावी फिरवली, दगड मागं टाकत पिकअप वर चढली, आसाचा गोळा कुठंही घासला नाही.

पाणवठ्याच्या तळाशी नुसता वाळलेला चिखल होता. भागाबाईनं पाइप धरला. टाकी रिकामी झाली, मग ड्रम झाले, मंगरूनं गुपचूप चढवलेले दोन्हीही. काम संपवून ते वळले आणि जरा अंतरावर गेल्यावर मंगरूनं आरशात पाहिलं. वाघीण बाहेर आली होती. ती पाठीकडून पाण्यात शिरली आणि बसली. पिल्लं काठाला ओणवून पीत होती. त्यानं गाडी थांबवली. दोघं आरशात पाहत राहिली.

गाडी पुन्हा सुरू करताना त्यानं विचारलं, "तुले भेव नाई वाटलं?"

"वाटलं ना."

"मंग चाक टाकून पळाली काऊन नाई?"

"सोडलं असतं तं थे घरंगळत पार खाली गेलं असतं," भागाबाई म्हणाली. "अन् मले पुन्हा वर आणा लागलं असतं."

एवढं बोलून ती खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. मंगरू तिच्याकडे पाहत गाडी चालवत होता. इतकी वर्षं आपण हिची गोष्ट लोकांना हसायला सांगत आलो, याची त्याला मनापासून लाज वाटली. त्याला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण हातात स्टिअरिंग होतं आणि शिवाय तिनं त्यावर काहीतरी लागट बोलून दाखवलं असतं.

घरी आल्यावर ती ओसरीवर बसली, सोललेले हात मांडीवर उताणे टाकून. मंगरूनं गुंडी उचलली आणि लंगडत विहिरीवर गेला. पाणी शेंदलं, गुंडी घासून भरली. परत येताना वाटेत अंकुशची मोटरसायकल थांबली. दिवसभर उन्हात फिरून पोराचे ओठ फुटले होते.

"मंगरूभाऊ, वर पाणी पोचलं काय? अन् मले घोटभर पाजता काय?"

मंगरू थांबला. गुंडी त्यानं खाली टेकवली नाही.

"पोचलं," तो म्हणाला. "तू निंबाखाली बस, बापू. हे तिच्या नावाचं हाय. तुह्या नावाचं मी आणतो."